राजीखुशीची साक्ष

प्रश्न विचारायच्या आधीच लाउदोमिया उत्तर देऊन मोकळी झाली.

आर्चबिशप सिल्व्हेस्त्रो मांकूझोने फक्त तिचं नाव विचारलं होतं. सांता मार्गेरिताच्या मठातल्या भेटीच्या खोलीत, लोखंडी जाळीच्या अलीकडे तो खुर्चीवर बसला होता. पलीकडे स्टुलावर ती सोळा वर्षांची पोर, आणि तिच्या खांद्यामागे मठाची मुख्य, मदर युफ्रासिया. दुसऱ्या दिवशी मुलीचं व्रत व्हायचं होतं. आदल्या दिवशी आर्चबिशपने स्वतः येऊन मुलीला विचारायचं, की बाई, हे तुझ्या मनानं चाललंय ना? त्रेंतोच्या धर्मपरिषदेनं घालून दिलेला हा नियम सिल्व्हेस्त्रो गेली सहा वर्षं निष्ठेनं पाळत होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"तुझं नाव काय, बाळ?"

"मी राजीखुशीनं, कुणाच्याही धाकदपटशावाचून, केवळ प्रभूच्या ओढीनं व्रत घेत आहे," मुलगी एका दमात म्हणाली. "जगात माझं काही गुंतलेलं नाही, आणि माझ्या मागे रडणारं कुणी नाही."

"घाबरलीय पोर," मदर युफ्रासिया हसून म्हणाली. "लाउदोमिया नाव तिचं. माझ्या भावाची, सरदार फेर्रान्तेची धाकटी. लिहा महाराज."

लिहिण्यासाठी सिल्व्हेस्त्रोने टाक उचलला आणि तो तसाच हातात राहिला. माझ्या मागे रडणारं कुणी नाही. हे वाक्य त्यानं ऐकलं होतं. गेल्या वर्षी ऐकलं होतं, त्याच्या आधीच्या वर्षीही. खरं तर इथं बसून प्रत्येक वेळी ऐकलं होतं. एखाद्या म्हाताऱ्या विधवेनं कधीकाळी स्वतःसाठी म्हटलेलं ते वाक्य असावं. तिचे शब्द राहून गेले आणि पोरींच्या तोंडी बसले. या पोरीला तर आई होती, भाऊ होता, बहीण होती. गेल्या रविवारीच तिच्या आईला त्यानं कम्युनियनचा प्रसाद दिला होता.

"वय किती?" त्यानं विचारलं.

मुलीनं मागे वळून आत्याकडे पाहिलं. वयाचं उत्तर पाठ करून घेतलेलं नव्हतं.

"मदर," सिल्व्हेस्त्रो म्हणाला, "आपण जरा बाहेर जा."

"मी? जाळीशी मुलीला एकटं सोडायची आमच्याकडे रीत नाही, महाराज."

"तिला एकटीला विचारायचं हा परिषदेचा नियम आहे."

"सहा वर्षांत आपल्याला आठवला नाही तो?"

हा टोला वर्मी बसला. सिल्व्हेस्त्रोचे कान लाल झाले. "नाही आठवला," तो म्हणाला. "आज आठवला. जा."

मदर उठली. दाराशी थांबून म्हणाली, "तिच्या डोक्यात नाही नाही ते भरवू नका. उद्या अडीचशे पानं उठायची आहेत माझ्या भावाकडे."

दार लागलं. सिल्व्हेस्त्रोने खुर्ची जाळीजवळ ओढली. "आता कुणी नाही. पाठ केलेलं विसर. तुला नन व्हायचंय का?"

जाळीतून फक्त तिची हनुवटी आणि मांडीवर आवळून धरलेले हात दिसत होते. तो थांबला. रानातल्या माणसासारखं थांबणं त्याला जमायचं. त्याचा बाप डोंगरातल्या गावी दोरखंडं वळायचा, आणि लहानपणी सिल्व्हेस्त्रो तासन्‌तास अंबाडीचं एक टोक धरून उभा राही.

"नाही म्हटलं," अखेर ती म्हणाली, "तर आज मी झोपायचं कुठे?"

परिषदेनं प्रश्न कसा विचारायचा ते लिहिलं होतं. 'नाही' म्हणणाऱ्या मुलीनं पुढे जायचं कुठे, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

"घरी?" तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला लाज वाटली.

"माझे कपडे मामेबहिणींना वाटून टाकले. माझ्या खोलीत दादाची शिकारीची कुत्री बांधतात आता. बाबा म्हणाले, मठाच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलंस की तू आम्हाला मेलीस, तेव्हा नीट बोल." तिचा आवाज कापत नव्हता, हेच त्याला सोसेना. "आत्याबाईंनी दहा दिवस पाठ करून घेतलं. चुकले की जेवण नाही."

सिल्व्हेस्त्रो संतापला. राग त्याला नवा नव्हता. पाद्र्यांच्या रखेल्यांवरून, चर्चमध्ये बांधलेल्या घोड्यांवरून तो सहा वर्षं रागावतच आला होता. पण ते राग दुसऱ्यांवरचे होते. या रागाची अर्धी धार त्याच्याकडेच वळलेली होती.

"माझ्याकडे झोप," तो म्हणाला. "माझी विधवा बहीण आहे घरी. तोंडाची फटकळ आहे, पण उपाशी ठेवणार नाही."

"मग नाही," लाउदोमिया म्हणाली.

"मोठ्यानं बोल."

"नाही! मला नन व्हायचं नाही!"

दारापलीकडे कुणाच्या तरी हातातून भांडं पडल्याचा आवाज आला.

व्रत झालं नव्हतं, त्यामुळे मुलीला मठात डांबून ठेवायचा कुणाला अधिकार नव्हता. पण फाटकाशी गेल्यावर किल्ली सापडेना. दारावरच्या म्हाताऱ्या सिस्टरनं कमरेला चाचपलं, खिळ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "कुठं बरं ठेवली," म्हणाली.

"शोधा," सिल्व्हेस्त्रो म्हणाला. "मी बाहेर बसतो."

आणि तो खरंच बसला. जांभळा झगा गोळा करून मठाच्या पायरीवर, भर बाजाराच्या वाटेवर, फाटकाला पाठ टेकून बसला. मोन्तेफोस्काच्या लोकांनी आर्चबिशपला पालखीत पाहिलं होतं, वेदीवर पाहिलं होतं. पायरीवर पाहिलं नव्हतं. चीजवाली आपली टोपली ठेवून उभी राहिली. गाढववाले थांबले.

"काय झालं, महाराज? पाय मुरगळला का?"

"किल्ली हरवलीय," तो म्हणाला. "आत एक मुलगी आहे. तिला बाहेर यायचंय."

दुपारच्या घंटेपर्यंत चौक भरला. मग किल्ली सापडली. म्हाताऱ्या सिस्टरच्याच कमरेला होती.

*

सिल्व्हेस्त्रोची बहीण पेत्रोनिल्ला चुलीपाशी वालाची डाळ घोटत होती. दारात भावामागे सरदाराची पोर पाहून तिनं पळी खाली ठेवली.

"ही कोण आणलीस?"

"सरदार फेर्रान्तेची मुलगी. काही दिवस राहील."

"काही दिवस म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

"अरे सिल्व्हेस्त्रो, तुला आर्चबिशप केलं तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हा पालखीतून जाईल आणि खाटल्यावरून परत येईल." मग मुलीकडे वळून ती म्हणाली, "उभी काय राहिलीस? बस. रानभाजी निवडता येते का? नाही? आमच्या बापाच्या घरी हे पहिलं शिकवायचे आणि प्रार्थना नंतर."

लाउदोमिया बसली. दोन वाट्या डाळ आणि कडू रानभाजी तिनं मान वर न करता खाल्ली. पेत्रोनिल्लानं तिसरी वाढली. आणि भावाला विचारलं, "या पोरीला तिथं जेवायला देत नव्हते की काय रे?"

सिल्व्हेस्त्रो उठून बाहेर गेला.

*

सकाळी सरदार फेर्रान्ते आला तो लगेच घोड्यावरून उतरला नाही. आधी अंगणातून ओरडला आणि मग उतरला. त्याच्याबरोबर डॉन तिबेरिओ होता. आर्चबिशपचा हा म्हातारा कारभारी धर्मगुरू चार आर्चबिशपांच्या हाताखाली टिकला होता, कारण चौघांनाही त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं.

"माझी मुलगी कुठंय?"

"आत. झोपलीय," सिल्व्हेस्त्रो म्हणाला. "बसा."

"बसायला आलो नाही! माझ्या घरी पाहुणे जमलेत, नापोलीहून व्याही आलेत, बकरे कापून झालेत, आणि माझी मुलगी एका दोरखंडवाल्याच्या चुलीपाशी झोपलीय?"

"बकरे वाया जाणार नाहीत. बाजारात उपाशी लोक खूप आहेत."

"माझ्याशी विनोद करू नका, महाराज."

"मी विनोद करत नाही. तिला नन व्हायचं नाही. तिनं सांगितलं, मी ऐकलं. आता मी तिला व्रत देऊ शकत नाही. पोपमहाराज स्वतः आले तरी देऊ शकत नाही."

सरदार जरा शांत झाला. असली माणसं शांत झाली की जास्त धोक्याची असतात. "तुम्ही डोंगरातले, तुम्हाला समजायचं नाही," तो म्हणाला. "थोरल्या मुलीचं लग्न केलं तेव्हा दोन गावं हातची गेली. या धाकटीचं करायचं म्हटलं तर अजून दोन. माझ्या मुलाला काय उरेल? नाव आणि दगड? देवाला एक मुलगी दिली तर देवालाही मान आणि घरही वाचतं. माझ्या बापानं हेच केलं. युफ्रासिया काय दुःखात आहे? राणीसारखी राहते."

"तुम्हाला मुलगा आहे," सिल्व्हेस्त्रो म्हणाला. "त्याला पाठवा मठात. धाकटीचंही लग्न होईल. मी उद्याच येऊन त्याला विचारतो, बाबा रे, तुझी राजीखुशी आहे ना?"

डॉन तिबेरिओनं डोळे मिटून घेतले.

"आधीचे आर्चबिशप माझे चुलते होते," सरदार एकेक शब्द तोलून म्हणाला. "बावीस वर्षं या गादीवर होते. त्यांनी एकाही मुलीला काही विचारलं नाही. आणि कुणाचं काही बिघडलं नाही."

"कुणाचं बिघडलं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यांचं बिघडलं त्या जाळीमागे आहेत."

तेवढ्यात लाउदोमिया दारात आली. पेत्रोनिल्लाचा जुना जाडाभरडा झगा तिच्या अंगावर होता, बाह्या दुमडलेल्या. बापानं तिच्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा नुसत्या बापाचा झाला. मग त्याला तो झगा दिसला.

"बाबा," ती म्हणाली, "मी हुंडा मागत नाही. मला फक्त—"

"मला एकच मुलगी आहे," सरदार म्हणाला. "ती नापोलीला असते."

तो गेला. लाउदोमिया रडली नाही. आत जाऊन तिनं पेत्रोनिल्लाला विचारलं, की रानभाजीची मुळं काढायची की ठेवायची.

डॉन तिबेरिओ मागे थांबला होता. "महाराज, एक सुचवू? मुलीला वर्षभर नापोलीच्या दुसऱ्या एखाद्या मठात पाहुणी म्हणून ठेवू. सरदार थंड होतील. मुलगीही कदाचित... मुलींचं मन बदलतं."

"दहा दिवस उपाशी ठेवलं की बदलतंच."

"आपण सुधारणा करायला आलात, मान्य. पण सुधारणा हळूहळू करतात. आधी दारं रंगवायची, मग भिंतींना हात घालायचा."

"डॉन तिबेरिओ, सहा वर्षं प्रत्येक व्रताला तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. ते वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंत?"

म्हातारा आपली टोपी उचलून दाराकडे वळला. कुठलं वाक्य, हे त्यानं विचारलं नाही.

*

सिल्व्हेस्त्रोला झोप नव्हती आणि जेवणावर वासना नव्हती. त्याच्या मनात एकच नाव फिरत होतं. पोर्झिया. गादीवरच्या पहिल्या वर्षाअखेरीस, आर्चबिशप म्हणून पहिलं व्रत त्यानं तिला दिलं होतं. दणदणीत आवाजाची, उंच, रुंद खांद्यांची ती मुलगी होती. व्रताच्या वेळी तिची आई चर्चमध्ये मोठ्यानं रडत होती आणि त्याच वेळी मुलगी जाळीशी म्हटलेलं वाक्य वेदीपुढे पुन्हा म्हणत होती, माझ्या मागे रडणारं कुणी नाही.

त्यानं मठात निरोप धाडला. मदर युफ्रासियानं तीन दिवस टाळाटाळ केली, चौथ्या दिवशी पोर्झियाला जाळीशी आणलं आणि यावेळी कुणी न सांगताच बाहेर गेली.

पोर्झिया बसली नाही. उभीच राहिली.

"सिस्टर," सिल्व्हेस्त्रो म्हणाला, "मी तुम्हाला पुन्हा विचारायला आलोय. खरं सांगा. तुमच्या मनानं झालं होतं का?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय."

"तेव्हाही विचारलं होतं तुम्ही. मी उत्तर दिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हा नवा माणूस आहे, गरिबाघरचा आहे, हा मान वर करेल. मी मुद्दाम अडखळले. दोनदा अडखळले. तुम्ही म्हणालात, सावकाश, घाई नाही. आणि लिहून घेतलंत."

सिल्व्हेस्त्रोला ते आठवलं. 'सावकाश, घाई नाही' हे आपण किती मायेनं म्हणतो, असं त्याला तेव्हा वाटलंही होतं.

"माझी आई रडत होती," पोर्झिया म्हणाली. "चर्चभर ऐकू येत होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"मला वाटलं, आया रडतातच."

जाळीपलीकडे ती हसली. तसं हसणं त्यानं पुन्हा कधी ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छाही झाली नाही.

"नियमात एक वाट आहे," तो घाईनं म्हणाला. "व्रत जबरदस्तीनं झालं असं ननचं म्हणणं असेल तर पाच वर्षांच्या आत ती अर्ज करू शकते. मी स्वतः—"

"पाच वर्षं आणि एकोणीस दिवस झाले, महाराज. मी भिंतीवर मोजलेत. हा नियम मला वर्षभरापूर्वी कळला. एका म्हाताऱ्या सिस्टरनं मरताना सांगितला. तुम्हाला पत्र लिहिलं मी. मठातून जाणारं प्रत्येक पत्र आधी मदर वाचते. तेव्हा ते पोचलं नसेल, असं धरून चालते. पोचलं होतं का?"

"नाही."

"मग एवढं एक पाप तुमच्या माथ्यावर नाही," पोर्झिया म्हणाली आणि निघून गेली.

दाराबाहेर मदर युफ्रासिया भिंतीला टेकून उभी होती. सिल्व्हेस्त्रोनं जाळीतूनच तिला हाक मारली. त्याचा आवाज इतका चढला की दारावरची म्हातारी दचकली.

"तुम्ही तिचं पत्र दडवलंत!"

"जाळलं," मदर म्हणाली. आत येऊन ती स्टुलावर बसली. "ओरडा, महाराज. मठात पुरुषाचा आवाज बऱ्याच दिवसांत चढला नाही. मला इथं आणलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमची परिषद तेव्हा भरलीसुद्धा नव्हती. मला कुणी प्रश्नच विचारला नाही, म्हणून उत्तरही पाठ करावं लागलं नाही. पंधरा वर्षं रडले. मग रडायचं थांबले आणि किल्ल्या हातात घेतल्या. बाहेर असते तर आठव्या बाळंतपणात मेले असते. आमच्या घरच्या बायका अशाच मरतात. इथं पन्नास बायका माझा शब्द झेलतात. मी पोरींना लवकर रडायचं थांबवते, एवढंच."

"हा उपकार झाला?"

"उपकार नाही. पण दुसरं दार कुणी दाखवलं होतं? तुम्ही एकीला घरी नेलंत. बाकीच्यांना कुठं ठेवणार? तुमच्या बहिणीच्या चुलीपाशी?"

सिल्व्हेस्त्रो खुर्ची मागे सारून उठला. तिचा संताप आला होता, आणि ती सांगत होती ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला होता.

*

पुढच्या रविवारी कॅथेड्रल तुडुंब भरलं. पुढच्या बाकांवर सरदार फेर्रान्ते, त्याचे भाऊबंद, नापोलीचे व्याही. मागे उभे असलेले कातडीवाले, चीजवाल्या, गाढववाले. पेत्रोनिल्ला आणि लाउदोमिया बाजूच्या खांबापाशी होत्या.

शुभवर्तमान वाचून झाल्यावर सिल्व्हेस्त्रो व्यासपीठावर चढला. त्यानं परिषदेचं पुस्तक उघडलं आणि लॅटिन सोडून बाजारच्या भाषेत सांगायला लागला.

"जो कुणी मुलीला किंवा बाईला तिच्या इच्छेविरुद्ध मठात जायला भाग पाडेल, तो शापित असो. मग तो बाप असो, भाऊ असो, सरदार असो, पाद्री असो. त्याला धर्मात जागा नाही. हे माझे शब्द नाहीत. पोपमहाराजांनी सही केलेले शब्द आहेत. बारा वर्षं ते इथं कपाटात पडून होते. लॅटिनमध्ये होते, म्हणून कुणाला बोचले नाहीत."

पुढच्या बाकांवर चुळबुळ झाली.

"अजून संपलं नाही. जो अशा व्रताला सल्ला देईल, मदत करेल, जाणूनबुजून तिथं हजर राहील, आपला अधिकार वापरेल, तोही शापित. आता मला कुणी म्हणेल, महाराज, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं, कारण मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. मुली पोपटासारख्या बोलत होत्या आणि मी लिहून घेत होतो. कागद भरला की मला वाटायचं, सुधारणा झाली."

त्यानं डोक्यावरचा उंच मुकुट काढला आणि व्यासपीठाच्या कडेवर ठेवला. "मी आणि माझ्यासारखे, आम्ही देवाच्या नावानं अडगळ साठवली. घरात नको झालेल्या मुली आमच्याकडे आणून टाकल्या आणि आम्ही त्याला भक्ती म्हटलं. देव काय भंगारवाला आहे?"

सरदार फेर्रान्ते उठला. त्याच्यामागे पहिले चार बाक उठले. दगडी फरशीवरून त्यांच्या जोड्यांचा आवाज दारापर्यंत गेला. सिल्व्हेस्त्रो तो आवाज संपेपर्यंत थांबला.

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली. ती चीजवालीच होती. "माझ्या बहिणीला पण विचारा, महाराज! ती तिथं धुणं धुते! तिला तर व्रतसुद्धा दिलं नाही, नुसती कोंडून ठेवलीय!"

मग दुसरी ओरडली. मग तिसरी. रविवारची मिस्सा-प्रार्थना उशिरा संपली.

*

सिल्व्हेस्त्रोनं मठातल्या प्रत्येक बाईला एकटीला बसवून विचारलं. त्याला तीन आठवडे लागले. काहींनी खरंच मनापासून होकार दिला, आणि तो होकार वेगळा ऐकू येई. बऱ्याच जणी गप्प बसल्या. एक साठीची सिस्टर म्हणाली, "आता विचारू नका हो, झोपलेलं कुत्रं कशाला उठवता?" आठ जणींनी नाही म्हटलं. त्यातल्या तिघींची पाच वर्षं व्हायची होती. धुणं धुणारीला व्रतच नव्हतं, ती त्याच दिवशी बहिणीबरोबर घरी गेली. तिघींपैकी एकीला तिचा काका येऊन घेऊन गेला. उरलेल्या दोघी पेत्रोनिल्लाच्या चुलीपाशी आल्या. तिनं भावाला ऐकवलं, "आता घरात एकच पुरुष आणि तोही बिनकामाचा. जा, पाणी आण."

पाच जणींची मुदत उलटून गेली होती. त्यांच्यात पोर्झिया होती. सिल्व्हेस्त्रोनं पाचही जणींसाठी रोमला विनंती लिहिली. त्या विनंतीमागोमाग सरदाराचीही चिठ्ठी रोमला निघाली, आणि ती आधी पोचली.

पावसाळी ढगांच्या दिवसांत त्याला बोलावणं आलं. रोममध्ये एका कार्डिनलनं त्याला मऊ खुर्चीवर बसवलं, त्याच्या धर्मोत्साहाची फार स्तुती केली, परिषदेचा नियम अक्षरशः पाळल्याबद्दल आभार मानले, आणि त्याच दमात सांगितलं की मोन्तेफोस्काला आता जरा सौम्य हाताची गरज आहे.

"नियम मी पाळला असं आपण म्हणता," सिल्व्हेस्त्रो म्हणाला. "मग शिक्षा कुठल्या गोष्टीची?"

"शिक्षा? कोण शिक्षा म्हणालं? आपल्याला बढती आहे." आणि त्यानं समुद्रापलीकडच्या, तुर्कांच्या ताब्यातल्या एका शहराचं नाव सांगितलं. तिथं आर्चबिशप होता येत होतं, पण जाता येत नव्हतं. तिथं एकही ख्रिस्ती माणूस उरला नव्हता.

"आणि त्या पाच बायका?"

"मुदत ही मुदत असते. एकदा सैल केली की इटलीतले अर्धे मठ रिकामे होतील."

"मग होऊ द्या!" सिल्व्हेस्त्रो ओरडला. शेजारच्या खोलीतले कारकून लिहायचे थांबले. "अर्धे मठ जबरदस्तीवर उभे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण मला मुदत सांगता?"

कार्डिनलनं घंटी वाजवली आणि बाहेर उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सिल्व्हेस्त्रो डोंगरातल्या आपल्या गावी परतला. पेत्रोनिल्ला आधीच तिथं पोचली होती, लाउदोमिया आणि त्या दोघींना घेऊन. लाउदोमिया दोरखंड वळायला शिकली. पहिल्या वर्षी हात सोलून निघाले, दुसऱ्या वर्षी गावच्या बायका तिच्याकडूनच दोर घेऊ लागल्या. वयाच्या विसाव्या वर्षी तिनं खोगीर बनवणाऱ्या एका विधुराशी लग्न केलं. लग्नाच्या वेळी सिल्व्हेस्त्रोनं तिला राजीखुशी विचारली तेव्हा ती इतकी हसली की नवरा घाबरला. बापानं काही पाठवलं नाही. आईनं पाठवली एक चादर, कोपऱ्यात घराण्याचं नाव न भरलेली.

सिल्व्हेस्त्रो मात्र शांत झाला नाही. लोक म्हणायचे, म्हातारपणी माणूस निवतो. हा निवला नाही. त्या पाच जणींसाठी तो दर वर्षी रोमला विनंती लिहायचा आणि दर वर्षी त्याला सुबक अक्षरातला नकार यायचा. त्या नकारांची भाषासुद्धा ठरलेली होती, अल्पविरामासकट.

सातव्या वर्षी मोन्तेफोस्काहून पत्र आलं. ते कुणी आधी उघडलेलं नव्हतं. मदर युफ्रासिया वारली होती आणि ननांनी मतं देऊन पोर्झियाला मुख्य केलं होतं.

पेत्रोनिल्लाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'महाराज, आता किल्ल्या माझ्याकडे आहेत. मला स्वतःला त्यांचा उपयोग नाही. या वर्षी तीन मुली आल्या होत्या. मी त्यांच्याकडून काही पाठ करून घेतलं नाही. एकीला आम्ही ठेवलं, दोघी परत गेल्या. एकीचा बाप फाटकाशी येऊन दगड मारून गेला, काच फुटली. नवे आर्चबिशप माझ्यावर नाराज आहेत. तुम्ही माझ्यासाठी अजून विनंत्या लिहिता असं कळलं. लिहायच्या तर लिहा, मी थांबवणार नाही. पण त्या लिहिल्या म्हणून मी तुम्हाला क्षमा केली असं समजू नका. मी क्षमा केलेली नाही. पोर्झिया.' तिनं सिस्टर म्हणून मिळालेलं नाव लिहिलेलं नाही."

"बरंच झालं," पेत्रोनिल्ला म्हणाली.

"काय बरं झालं?"

"क्षमा केली नाही ते. केली असती तर तू लिहायचा थांबला असतास."

सिल्व्हेस्त्रोनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग टाक पुढे ओढून कोऱ्या कागदावर आठवी विनंती लिहायला घेतली.